तिजोरीत मिसळलेल्या पैशाचा माग: थेट अर्थसंकल्पीय साहाय्य समजून घेण्यासाठी सीमाभागातील नवागतांना मार्गदर्शन

जागतिक बँकेने 2001 साली कर्नाटक राज्याच्या आर्थिक पुनर्रचनेसाठी 15 कोटी डॉलर मंजूर केले आणि पुढच्याच वर्षी त्यात आणखी 10 कोटी डॉलरची भर घातली. त्याच बँकेने 2004 साली बेळगाव, हुबळी-धारवाड आणि गुलबर्गा या शहरांच्या पाणीपुरवठ्यासाठी सुमारे 4 कोटी डॉलरचे कर्ज दिले. या नंतरच्या कर्जाची खूण बेळगावकराला बोटाने दाखवता येते, कारण शहराच्या ज्या निवडक भागांत चोवीस तास पाणी आले, तिथल्या जलवाहिन्या आणि मीटर अजून डोळ्यांसमोर आहेत. आधीच्या, म्हणजे कितीतरी मोठ्या रकमेची मात्र एकही खूण जिल्ह्यात सापडणार नाही. तो पैसा कोणत्याही एका कामाच्या नावाने आला नव्हता. तो राज्याच्या तिजोरीत मिसळला आणि पगार, निवृत्तिवेतन, शाळा, रस्ते, जुन्या कर्जाचे व्याज अशा सगळ्या खर्चांत विरघळून गेला. पैसा देण्याच्या या रीतीला थेट अर्थसंकल्पीय साहाय्य म्हणतात. श्रीमंत देश आणि आंतरराष्ट्रीय वित्तसंस्था आफ्रिका, आशिया व लॅटिन अमेरिकेतील भागीदार देशांना गेली पंचवीस-तीस वर्षे या मार्गाने मोठी मदत देत आल्या आहेत.

बेळगाव, खानापूर, निपाणी या भागांतून अर्थशास्त्र किंवा वाणिज्य शिकून विकास क्षेत्रात, स्वयंसेवी संस्थांत किंवा लेखापरीक्षणाच्या कामात शिरणाऱ्यांसाठी हा लेख आहे. आपल्याकडे कामाच्या ठिकाणी फलक वाचण्याची सवय असते: कामाचे नाव, मंजूर रक्कम, ठेकेदार, कालावधी. अर्थसंकल्पीय साहाय्याला असा फलक नसतो. मी या विषयाकडे वळलो तेव्हा पहिल्याच बैठकीत 'या पैशातून किती शाळा बांधल्या?' असे विचारून बसलो होतो आणि समोरच्यांनी शांतपणे सांगितले होते की प्रश्नच चुकला आहे. कोणता प्रश्न विचारायचा, हे पुढील पायऱ्यांत सांगितले आहे.

पहिली पायरी: साहाय्याचा प्रकार ओळखा

हातात आलेल्या करारपत्रावर मोठी नावे असतात, त्यांच्यावर जाऊ नये. तीन गोष्टी पाहाव्यात. पैसा कोणाच्या खात्यात जमा होतो, तो कोणाच्या खरेदी-नियमांनी खर्च होतो आणि त्याचे लेखापरीक्षण कोण करतो? तिन्हींचे उत्तर 'भागीदार देशाचे सरकार, स्वतःच्या यंत्रणेने' असे असेल, तर ते अर्थसंकल्पीय साहाय्य आहे. प्रकल्पासाठी वेगळे खाते, वेगळे कार्यालय आणि देणाऱ्याचे नियम असतील, तर ते प्रकल्प-साहाय्य आहे, मग मुखपृष्ठावर काहीही छापलेले असो. अर्थसंकल्पीय साहाय्याचे दोन पोटप्रकार आहेत. सर्वसाधारण साहाय्यात चर्चा संपूर्ण अर्थव्यवस्थेच्या धोरणांवर होते, तर क्षेत्रीय साहाय्यात ती शिक्षण, आरोग्य, पाणी अशा एका क्षेत्रापुरती राहते. पैसा दोन्हींत तिजोरीतच जातो. 'क्षेत्रीय' म्हणजे त्या खात्याला राखून ठेवलेला पैसा, असा समज नवख्यांत हमखास आढळतो.

भारत स्वतःही असे साहाय्य देतो, हे आपल्याकडे फारसे ठाऊक नसते. भूतानची 1961 सालची पहिली पंचवार्षिक योजना सर्वस्वी भारताच्या पैशावर उभी राहिली. बाराव्या योजनेसाठी भारताने दिलेल्या 4,500 कोटी रुपयांपैकी 2,800 कोटी ठरावीक प्रकल्पांना बांधलेले होते, 850 कोटी लहान सामुदायिक कामांसाठी होते आणि उरलेले 850 कोटी 'कार्यक्रम अनुदान', म्हणजे थेट अर्थसंकल्पीय साहाय्य, म्हणून होते. एकाच देणाऱ्याने एकाच देशाला तीन रीतींनी पैसा का द्यावा, याचा विचार करणे हा या पायरीचा उत्तम अभ्यास आहे.

दुसरी पायरी: तिजोरीपर्यंतची वाट पाहा

सर्वसामान्य वाट अशी असते. देणारी संस्था डॉलर किंवा युरो भागीदार देशाच्या मध्यवर्ती बँकेतील खात्यात भरते. ते परकीय चलन बँकेच्या गंगाजळीत राहते आणि त्या दिवशीच्या दराने तेवढे स्थानिक चलन सरकारच्या मुख्य कोषागार खात्यात जमा होते. अर्थमंत्रालय जमा झाल्याची तारीख, रक्कम आणि दर लिहून पत्र पाठवते. देणाऱ्याचा पैशावरचा हक्क या टप्प्यावर संपतो. म्हणून नवागताने हे पत्र नीट तपासावे: दर खरोखर त्या दिवसाचा आहे काय, जमा पूर्ण रकमेची आहे काय आणि ती अर्थसंकल्पाच्या जमेच्या बाजूला अनुदान किंवा कर्ज म्हणून दिसते काय. काम कंटाळवाणे आहे, पण पैशाचा प्रत्यक्ष माग घेता येतो तो एवढाच.

भारतातील राज्यांची वाट थोडी वेगळी आहे. संविधानाच्या 293 व्या अनुच्छेदानुसार राज्याला देशाबाहेरून थेट कर्ज घेता येत नाही, म्हणून पैसा केंद्रामार्फत येतो. 2001 साली केंद्र असा पैसा सर्वसाधारण गटातील राज्यांना 70 टक्के कर्ज आणि 30 टक्के अनुदान या प्रमाणात रुपयांत देत असे, त्यामुळे डॉलर महाग झाल्यास झळ केंद्राला बसे. बाराव्या वित्त आयोगाच्या शिफारशीनंतर, 2005 पासून, मूळ कर्जाच्याच अटी राज्याकडे जाऊ लागल्या आणि विनिमयदराची जोखीमही राज्याच्या माथी आली.

तिजोरीत गेल्यावर काय होते, ते घरच्या व्यवहारावरून समजेल. पुण्यात नोकरीला असलेला मुलगा बहिणीच्या कॉलेजच्या फीसाठी घरी पैसे पाठवतो. फी तर वडील उसाच्या बिलातून भरणारच होते. ते पैसे वाचतात आणि त्यांतून विहिरीवर नवी मोटर बसते. आता मुलाच्या पैशाने फी भरली की मोटर आली? पावती फीची आहे, पण घरात नवीन आली ती मोटर. पैसा एकमेकांत अदलाबदलीचा असतो, आणि म्हणूनच प्रकल्पाला बांधलेला पैसासुद्धा वाटतो तितका बांधलेला नसतो. अर्थसंकल्पीय साहाय्याच्या समर्थकांचा मूळ युक्तिवाद हाच आहे: पैसा मिसळणारच असेल, तर वेगळ्या पावत्यांवर शक्ती खर्च करण्याऐवजी संपूर्ण घरखर्चाचीच चर्चा उघडपणे करावी.

तिसरी पायरी: पात्रता तपासा

युरोपीय संघाने 2012 साली पात्रतेचे चार निकष स्पष्टपणे मांडले आणि आज बहुतेक ठिकाणी त्यांचाच ढाचा दिसतो: विश्वासार्ह सार्वजनिक धोरण, स्थिर स्थूल अर्थव्यवस्था, सार्वजनिक वित्तव्यवस्थापनात सुधारणा, आणि अर्थसंकल्पाची पारदर्शकता व त्यावरील देखरेख. निकष पूर्णत्वाचा नसून दिशेचा आहे. देशाची लेखापद्धती निर्दोष असावी अशी अपेक्षा नसते, ती सुधारत असल्याचा पुरावा मागितला जातो. या लवचिकतेमुळे गरीब देशांना दार उघडे राहते, आणि माझ्या मते राजकीय सोयीसाठी डोळेझाक करायलाही याच लवचिकतेने वाव मिळतो.

तिसऱ्या निकषासाठी 'पेफा' (सार्वजनिक खर्च व वित्तीय उत्तरदायित्व) नावाची मूल्यांकनपद्धती वापरतात. हा उपक्रम 2001 साली अनेक देणाऱ्यांनी मिळून सुरू केला. त्याच्या 2016 च्या आराखड्यात 31 निर्देशक आणि त्यांचे 94 उपघटक असून प्रत्येकाला ए ते डी अशी श्रेणी मिळते. अहवाल जाडजूड असतात, तेव्हा नवागताने पाच ठिकाणांपासून सुरुवात करावी. पहिला निर्देशक मंजूर खर्च आणि प्रत्यक्ष खर्च यांची तुलना करतो, आणि तीनपैकी किमान दोन वर्षे प्रत्यक्ष खर्च मंजुरीच्या 95 ते 105 टक्क्यांत राहिला तरच तिथे ए मिळतो. दुसरा निर्देशक खात्याखात्यांतील फेरफार दाखवतो. एकूण खर्च बरोबर जुळला, पण आरोग्याचे पैसे राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयाकडे वळले, असे झाले असेल तर ते इथे उघडे पडते. बाविसावा निर्देशक थकलेल्या देण्यांचा, तिसावा बाह्य लेखापरीक्षणाचा आणि एकतिसावा विधिमंडळातील छाननीचा आहे. हे शेवटचे दोन अनेक देशांत सर्वांत दुबळे असतात. लेखापरीक्षण होते, अहवाल छापला जातो, परंतु लोकप्रतिनिधींची समिती तो उघडेपर्यंत दोन-तीन वर्षे उलटून गेलेली असतात. सुवर्ण विधानसौधात हिवाळी अधिवेशन भरते तेव्हा महालेखापरीक्षकांच्या किती अहवालांवर प्रत्यक्ष चर्चा झाली, याची नोंद एखाद्या वर्षी ठेवून पाहावी, म्हणजे एकतिसावा निर्देशक कशाबद्दल आहे ते लक्षात येईल.

चौथी पायरी: अटी आणि हप्ते ठरवा

या पायरीवर सर्वांत अधिक वेळ द्यावा, कारण अर्थसंकल्पीय साहाय्यातील बहुतेक यश-अपयश इथेच ठरते.

जागतिक बँक 'पूर्वकृती' मागते: अमुक कायदा, अमुक सुधारणा आधी करा, मग एकरकमी पैसा मिळेल. कर्नाटकाच्या उदाहरणात ज्या सुधारणांची चर्चा त्या काळी चालू होती, त्यांपैकी 2002 चा वित्तीय उत्तरदायित्व कायदा सर्वांत ठळक आहे. 31 मार्च 2006 पर्यंत महसुली तूट शून्यावर आणि राजकोषीय तूट राज्याच्या सकल उत्पन्नाच्या 3 टक्क्यांच्या आत आणण्याचे बंधन त्याने राज्यावर घातले. असा कायदा करणाऱ्या पहिल्या राज्यांत कर्नाटक होते, आणि 2004-05 पासूनच महसुली शिल्लक दिसू लागली. हे कर्जाच्या अटीमुळे घडले की राज्याने ते मनावर घेतलेच होते? माझे उत्तर दुसऱ्या बाजूला झुकते. सार्वजनिक खरेदीच्या पारदर्शकतेचा कायदा राज्याने 1999 सालीच केला होता, म्हणजे सुधारणेची गाडी कर्जाआधीच निघाली होती. आधीच चालू लागलेल्याला पाठबळ देणे आणि न चालणाऱ्याला पैशाने ढकलणे यांत मोठा फरक आहे, आणि 1980 च्या दशकातील रचनात्मक समायोजनाच्या, म्हणजे आर्थिक धोरणे बदलण्याच्या अटीवर दिलेल्या, कर्जांनी दुसऱ्या वाटेची मर्यादा पुरेशी दाखवून दिली आहे.

युरोपीय संघाची पद्धत वेगळी आहे. तिच्यात स्थिर हप्ता आणि बदलता हप्ता असे दोन भाग असतात. पात्रता टिकली की स्थिर हप्ता पूर्ण मिळतो, नाही तर अजिबात मिळत नाही. बदलता हप्ता निर्देशक जितके गाठले तितक्या प्रमाणात मिळतो. समजा, एखाद्या देशाला एका वर्षात 1 कोटी युरोचा बदलता हप्ता मिळायचा आहे आणि त्यासाठी समान वजनाचे पाच निर्देशक ठरले आहेत. तीन पूर्ण, एक अर्धा आणि एक अपुरा राहिला, तर 70 लाख युरो सुटतील. हिशेब सोपा आहे, निर्देशक निवडणे अवघड आहे.

निर्देशक लिहिताना चार गोष्टी कागदावर असल्याच पाहिजेत: आजची स्थिती कोणत्या आकड्याने मोजली, लक्ष्य किती, आकडा कोणत्या नियमित नोंदीतून येणार आणि तो पडताळणार कोण. 'आरोग्यसेवेत लक्षणीय सुधारणा' हा निर्देशक होऊ शकत नाही. 'राष्ट्रीय आरोग्य धोरण मंत्रिमंडळाने मंजूर केले' हा होतो, पण तो कागदावरच पुरा करता येतो आणि दवाखान्यात औषध नसले तरी हप्ता सुटतो. 'दवाखान्यात होणाऱ्या बाळंतपणांचे प्रमाण' हा लोकांच्या जवळचा आहे. मात्र त्याचे सर्वेक्षण काही वर्षांतून एकदाच होत असेल, तर दरवर्षीच्या हप्त्याला तो निरुपयोगी ठरतो. मधली वाट म्हणजे 'प्राथमिक आरोग्य केंद्रांकडे वर्षाच्या पहिल्या सहा महिन्यांत मंजूर निधीपैकी किती टक्के पोहोचला' असा निर्देशक. तो कोषागाराच्या नोंदीतूनच मिळतो, त्यासाठी वेगळी मोजणी करावी लागत नाही, आणि नेमका जिथे पैसा अडतो तिथेच तो बोट ठेवतो. निर्देशकांची संख्याही आवरावी. प्रत्येक देणारा आपले दोन-तीन निर्देशक घुसवतो आणि अर्थमंत्रालयातील मोजके अधिकारी वर्षभर अहवालच भरत बसतात.

वेळेचे भान ठेवावे. युगांडाचे आर्थिक वर्ष जुलैत सुरू होते, मोझांबिकचे जानेवारीत. मूल्यांकन या वर्षी आणि पैसा पुढच्या वर्षी, आणि तोही पहिल्या सहामाहीत, अशी रचना केली तर अर्थमंत्र्याला तो अर्थसंकल्पात धरता येतो. वर्षअखेरीस अचानक आलेला पैसा मार्चअखेरीच्या आपल्याकडील घाईसारखाच खर्च होतो.

पाचवी पायरी: पैसा खाली पोहोचतो का ते पाहा

युगांडातील सरकारी शाळांना 1991 ते 1995 या काळात दर विद्यार्थ्यामागे जे केंद्रीय अनुदान मंजूर होते, त्यांपैकी सरासरी 13 टक्केच शाळांपर्यंत पोहोचत होते, असे 1996 सालच्या एका सर्वेक्षणातून दिसले. बाकीचे जिल्हा पातळीवर जिरत होते. त्यानंतर सरकारने प्रत्येक जिल्ह्याला पाठवलेली रक्कम वर्तमानपत्रांत छापायला आणि शाळांच्या भिंतींवर लावायला सुरुवात केली. काही वर्षांत शाळांपर्यंत पोहोचणारे प्रमाण 80 टक्क्यांच्या पुढे गेले. ही गोष्ट नेहमी वर्तमानपत्रांच्या विजयाची म्हणून सांगितली जाते, ती तेवढीच नाही. त्याच काळात युगांडाने मोफत प्राथमिक शिक्षण आणले, अनुदानवाटपाची रीत बदलली आणि 1998 साली दारिद्र्यनिवारणाच्या खर्चाला अर्थसंकल्पातच वेगळी, कात्री न लागणारी ओळख दिली. अर्थसंकल्पीय साहाय्याने त्या ओळखीला बळ दिले. नवागताने एवढे घ्यावे की पैसा वर ओतला म्हणून तो खाली ठिबकतोच असे नाही, आणि गळती कुठे आहे हे प्रत्येक थांब्यावरची जमा-नावे जुळवल्याशिवाय कळत नाही.

सहावी पायरी: थांबवण्याची वेळ आधीच ठरवा

मोझांबिकला चौदा देणाऱ्यांचा गट अनेक वर्षे अर्थसंकल्पीय साहाय्य देत होता. 2016 साली उघड झाले की सरकारी कंपन्यांनी राज्याच्या हमीवर एक अब्ज डॉलरहून अधिक कर्जे संसदेला न सांगता घेतली होती. गटाने साहाय्य थांबवले, आंतरराष्ट्रीय नाणेनिधीनेही हात आखडला, चलन घसरले आणि फटका बसला तो शाळा-दवाखान्यांच्या खर्चाला. मलावीत 2013 साली कोषागाराच्या संगणकप्रणालीतूनच पैसे लुटल्याचे 'कॅशगेट' प्रकरण बाहेर आले, तेव्हाही असेच घडले. दोन्ही ठिकाणी देणाऱ्यांचा राग समजण्यासारखा होता. पण पूर्ण नळ एकदम बंद करणे ही शिक्षा ज्यांनी चोरी केली नाही त्यांनाच अधिक होते. म्हणून करारातच पायऱ्या लिहाव्यात: कोणत्या घटनेवर केवळ चर्चा, कोणत्या घटनेवर बदलता हप्ता कमी, कोणत्या घटनेवर स्थिर हप्ताही बंद, आणि तो पुन्हा सुरू होण्यासाठी काय लागेल. सरकारी हमीच्या कर्जांची यादी दर सहामाहीला मागण्याची अट मोझांबिकनंतर तरी कोणी विसरू नये.

सातवी पायरी: परिणाम मोजताना हात आखडता ठेवा

बुर्किना फासो, मलावी, मोझांबिक, निकाराग्वा, रवांडा, युगांडा आणि व्हिएतनाम या सात देशांतील 1994 ते 2004 या काळाचे संयुक्त मूल्यमापन 2006 साली प्रसिद्ध झाले. अर्थसंकल्पाची शिस्त आणि सेवांचा विस्तार यांबाबत त्यात बऱ्यापैकी अनुकूल पुरावा मिळाला. गरिबांच्या उत्पन्नावरील परिणाम मात्र ठामपणे सांगता आला नाही. आपल्या अहवालातही 'आमच्या पैशातून इतक्या मुली शाळेत गेल्या' असे वाक्य येऊ देऊ नये. त्या क्षेत्रातील सरकारचा एकूण खर्च साहाय्यापूर्वी किती होता, नंतर किती झाला आणि सेवा कशी बदलली, एवढेच क्रमाने मांडावे.

घरच्या घरी सराव

परदेशी करारपत्रे हाती येईपर्यंत आपल्याच ग्रामपंचायतीवर हात बसवता येतो. केंद्रीय वित्त आयोगाचे अनुदान हे परकीय साहाय्य नव्हे, पण त्याची घडण याच जातीची आहे. पंधराव्या वित्त आयोगाने 2021-22 ते 2025-26 साठी ग्रामीण स्थानिक संस्थांच्या अनुदानाचा 60 टक्के भाग पाणी व स्वच्छतेला बांधून ठेवला आणि 40 टक्के मोकळा सोडला. मोकळ्या भागातून पगार आणि आस्थापना खर्च करण्यास मात्र मनाई केली. पात्रतेसाठी मागच्या वर्षाचे तात्पुरते हिशेब आणि त्याआधीच्या वर्षाचे लेखापरीक्षित हिशेब संकेतस्थळावर खुले करण्याची अट घातली. तिसऱ्या आणि चौथ्या पायरीवर जे पाहिले, तेच इथे गावापुरते दिसते.

कागद कन्नडमध्ये असतील, त्याने बिचकू नये. अर्थसंकल्पाला तिथे 'आयव्यय' म्हणतात, तो शब्द आपल्या जुन्या मराठीतलाच आहे. 'अनुदान' तसेच आहे, 'खजाने' म्हणजे कोषागार, 'वेच्च' म्हणजे खर्च, 'कंतु' म्हणजे हप्ता, 'बिडुगडे' म्हणजे निधी सोडणे आणि 'लेक्कपरिशोधने' म्हणजे लेखापरीक्षण. एवढ्या सात शब्दांवर पहिले पान वाचता येते. उरलेल्यासाठी पंचायत विकास अधिकाऱ्यांना, म्हणजे पीडीओंना, विचारावे. पंचायतींच्या योजना आणि हिशेब 'ई-ग्रामस्वराज' या केंद्रीय संकेतस्थळावरही पाहता येतात.

एका आर्थिक वर्षाचे तीन आकडे शेजारी शेजारी लिहावेत: मंजूर, प्रत्यक्ष आलेले आणि खर्ची पडलेले. त्यांच्याखाली दोन तारखा लिहाव्यात, केंद्राने राज्याला हप्ता सोडल्याची आणि पंचायतीच्या खात्यात तो जमा झाल्याची. राज्याने पैसा दहा कामकाजी दिवसांत पुढे द्यावा, नाही तर उशिराचे व्याज द्यावे, असा नियम पंधराव्या आयोगाच्या या अनुदानासाठी घातला गेला. दोन तारखांतले अंतर त्याहून मोठे निघाले, तर जमेच्या बाजूला व्याजाची नोंद शोधावी आणि ती नसल्यास ग्रामसभेत लेखी प्रश्न द्यावा.